वृद्धांची घरपट्टी : माफी की मुदत?

मालमत्ता कर इतर बहुतेक करांहून एका बाबतीत निराळा आहे. प्राप्तिकर भरायचा तो मिळालेल्या पैशातून आणि विक्रीवरचा कर भरायचा तो खर्चासाठी हातात घेतलेल्या पैशातून; मालमत्ता कराची आकारणी मात्र अशा वस्तूवर होते, जिच्यापासून त्या वर्षात मालकाला एक पैसाही मिळालेला नसतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाला घर निवारा देते, रोकड देत नाही, आणि कर मात्र रोकडीतच भरावा लागतो. कमावत्या वयात ही विसंगती फारशी टोचत नाही, कारण कर वाढतो तसा पगारही थोडाफार वाढत असतो. निवृत्तीनंतर पगार थांबतो, निवृत्तिवेतन असलेच तर ते महागाईच्या मागे धापा टाकत चालते, औषधपाण्याचा खर्च वाढतो, आणि घराचे करयोग्य मूल्य मालकाच्या वयाकडे न पाहता वाढतच राहते. वस्तीच्या एका टोकाला रेल्वे आली, दुसऱ्या टोकाला कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या, आजूबाजूला सधन शेजारी आले, की चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या साध्या घराची किंमत कागदोपत्री अनेक पटींनी वाढते. त्या वाढीत वृद्ध मालकाचा काही हात नसतो, आणि घर विकल्याशिवाय तिचा त्याला उपयोगही नसतो.

म्हणूनच मर्यादित उत्पन्नाच्या वृद्ध घरमालकांना या करात सवलत द्यावी ही मागणी जिथे जिथे हा कर आहे तिथे तिथे कधी ना कधी पुढे येते, आणि तिला उघड विरोध सहसा कोणी करत नाही. निवडणुकीच्या तोंडावर तर ती सर्वच पक्षांना पटते. माझाही तिला विरोध नाही. पण सवलत द्यावी हे एकदा मान्य झाले की ती कोणत्या रूपात द्यावी याची चर्चाच संपते, आणि माझ्या मते खरा वाद तिथून सुरू व्हायला हवा. वयाच्या आधारे सरसकट सूट देणे किंवा कर गोठवणे हा सर्वांत लोकप्रिय मार्ग आहे आणि तोच सर्वांत सदोष आहे. त्याहून न्याय्य मार्ग असा, की कराची रक्कम घरावर बोजा म्हणून नोंदवून ती घर विकले जाईपर्यंत किंवा वारसांकडे जाईपर्यंत वाजवी व्याजाने पुढे ढकलण्याचा हक्क वृद्धांना द्यावा, आणि जिथे एवढ्यानेही भागत नाही तिथे उत्पन्नाच्या प्रमाणात कराचा परतावा द्यावा. हे म्हणणे व्यासपीठावर टाळ्या मिळवणारे नाही, याची मला कल्पना आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव या वादात टाळता येत नाही. १९७०च्या दशकात तिथे घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या, मूल्यांकनही त्यांच्या पाठोपाठ अद्ययावत होत गेले, आणि कराची बिले त्याच वेगाने फुगली. निवृत्त माणसे केवळ कर भरता येत नाही म्हणून घराबाहेर पडतील, ही भीती हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांनी चालवलेल्या मोहिमेचे मोठे भांडवल होती. ६ जून १९७८ रोजी मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी ‘प्रपोझिशन १३’ हा थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव मंजूर केला. कराचा दर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला, करयोग्य मूल्य १९७५-७६च्या पातळीवर मागे नेले गेले, आणि मालकी बदलेपर्यंत ते वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येणार नाही असे ठरले. स्थानिक संस्थांचे या करापासूनचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून कमी झाले आणि ती पोकळी भरायला राज्य सरकारला पुढे यावे लागले.

आता या उपायाचा लाभ कोणाला झाला ते पाहावे. प्रस्तावात वयाची अट नव्हती, उत्पन्नाची नव्हती आणि मालकाने तिथे राहण्याचीही नव्हती. पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धेच्या छोट्या घराला जे संरक्षण मिळाले तेच समुद्रकाठच्या बंगल्याला, कार्यालयांच्या इमारतींना आणि कारखान्यांना मिळाले. निदान मोठ्या व्यापारी मालमत्तांना तरी त्यातून वगळावे असा प्रस्ताव २०२०मध्ये मतदारांपुढे आला आणि थोडक्या फरकाने फेटाळला गेला. एकदा दिलेली सूट परत घेणे किती अवघड असते, याचा हा पुरावा आहे. आणि जुन्या मालकांना दिलेल्या या सवलतीची किंमत नव्या खरेदीदारांनी चुकवली. १९८८मध्ये लॉस एंजेलिसमध्ये १,७०,००० डॉलरला साधे घर घेतलेल्या एका महिलेला वर्षाला सुमारे १,७०० डॉलर कर आला, तर तिच्या शेजारच्या तशाच घरांचे जुने मालक त्याचा लहानसा अंश भरत होते. मालिबूच्या किनाऱ्यावरील २१ लाख डॉलरच्या घराचा जुना मालक जेवढा कर भरत होता, त्याहून तिचा कर जेमतेम काही डॉलरनी कमी होता. ‘नॉर्डलिंगर विरुद्ध हान’ या नावाने हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९२मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ही व्यवस्था वैध ठरवली. वस्तीचे स्थैर्य जपणे हा राज्याचा रास्त हेतू असू शकतो, असे न्यायालयाला वाटले. व्यवस्था वैध आहे एवढेच त्यातून ठरले. ती शहाणपणाची आहे की नाही हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हतेच.

गोठवलेल्या कराने खुद्द वृद्धांचीही कोंडी केली. मुले आपापल्या घरी गेली, जोडीदार गेला, जिने चढवेनात, म्हणून मोठे घर विकून लहान घरात जावे असे एखाद्याला वाटले, तरी नव्या घराचे मूल्यांकन चालू बाजारभावाने होणार आणि लहान घराचा कर जुन्या मोठ्या घराहून जास्त पडणार. तेव्हा माणसे अडचण सोसत मोठ्या घरातच राहू लागली. यावर इलाज म्हणून १९८६मध्ये ‘प्रपोझिशन ६०’ आले आणि ५५ वर्षांवरील मालकांना जुने मूल्यांकन ठरावीक अटींवर सोबत नेण्याची मुभा मिळाली. २०२०च्या ‘प्रपोझिशन १९’ने ती राज्यभर आणि तीन वेळांपर्यंत वाढवली. एका सवलतीने निर्माण केलेला अडथळा दूर करायला दुसरी सवलत, तिच्यातली फट बुजवायला तिसरी, असा हा प्रवास आहे.

याच राज्यातली आणखी एक घटना मला अधिक बोलकी वाटते. कमी उत्पन्नाच्या वृद्धांचा मालमत्ता कर राज्याने तूर्त भरायचा आणि घर विकले गेल्यावर वसूल करायचा, अशी एक योजना कॅलिफोर्नियात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चालू होती. ज्यांना मदतीची खरी गरज होती त्यांच्यापर्यंत नेमकी पोहोचणारी, आणि दिलेला पैसा व्याजासह परत मिळवून देणारी अशी ती योजना होती. २००९च्या आर्थिक संकटात राज्याने तीच स्थगित केली, आणि ती पुन्हा सुरू व्हायला २०१६ उजाडले. त्या सात वर्षांत बंगल्यांची आणि कार्यालयांची गोठवणी एक दिवसही थांबली नाही. याचे कारण हिशेबाच्या रचनेत आहे. पुढे ढकललेला कर सरकारला दरवर्षी प्रत्यक्ष भरावा लागतो, म्हणून तो अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसतो आणि काटकसरीच्या वेळी कात्रीत सापडतो. गोठवणीमुळे न आलेला कर कुठल्याच रकान्यात दिसत नाही, आणि जो खर्च दिसत नाही तो कापायचा प्रश्नच येत नाही. सवलतींची रूपे निवडताना राज्यकर्त्यांचा कल कुठे असतो आणि का असतो, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

वयाची अट घातली की हे दोष जातात, असे काहींना वाटते. अंशतः ते खरे आहे, कारण निदान कार्यालयांच्या इमारती तरी त्यातून बाहेर पडतात. पण वय आणि गरज यांचे नाते आपण मानतो तितके घट्ट नाही. वृद्धांमध्ये तुटपुंज्या उत्पन्नावर जगणारे पुष्कळ असतात, तसेच आयुष्यभराची बचत, फिटलेले गृहकर्ज आणि भरभक्कम निवृत्तिवेतन असलेलेही पुष्कळ असतात. उलट घरकर्जाचे हप्ते आणि मुलांची फी भरताना मेटाकुटीला आलेले तरुण कुटुंब शेजारीच राहत असते. पहिल्याचा कर माफ झाला की तेवढा भार दर वाढवून दुसऱ्यावर जातो, किंवा त्या प्रमाणात कचरा कमी वेळा उचलला जातो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०२३मध्ये संमत केलेल्या कायद्यात ६५ वर्षांवरील घरमालकांना त्यांच्या मालमत्ता कराचा निम्मा भाग, कमाल ६,५०० डॉलरपर्यंत, परत देण्याची तरतूद केली, आणि पात्रतेची उत्पन्नमर्यादा वर्षाला पाच लाख डॉलर ठेवली. पाच लाख डॉलर मिळवणाऱ्याला मदतीची गरज असलेला वृद्ध म्हणायचे असेल, तर गरज या कल्पनेला काही अर्थ उरत नाही.

भारतातही असाच सोपेपणा दिसतो. दिल्लीच्या महानगरपालिकेच्या नियमांत ज्येष्ठ नागरिक, स्त्रिया आणि दिव्यांग यांना स्वतः राहत असलेल्या एका मालमत्तेवर २०० चौरस मीटरपर्यंत ३० टक्के सवलत ठेवलेली आहे. तिच्यात उत्पन्नाचा विचार नाही. मुंबईत १ जानेवारी २०२२पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना मालमत्ता कर माफ झाला. तिथे वयाचाही नाही आणि उत्पन्नाचाही नाही, फक्त क्षेत्रफळाचा विचार आहे. लहान घर म्हणजे लहान उत्पन्न हा अंदाज सर्वसाधारणपणे बरोबर ठरत असेलही, पण महागड्या वस्तीतील ४९० चौरस फुटांचा मालक त्यात सुटतो आणि दूरच्या उपनगरात ५२० चौरस फुटांच्या जुन्या घरात कुटुंब-निवृत्तिवेतनावर राहणारी विधवा अडकते. प्रशासनाची बाजूही समजून घ्यायला हवी. वय जन्मदाखल्यावर असते, क्षेत्रफळ नोंदवहीत असते, उत्पन्न मात्र कुठेच नसते; जिथे बहुसंख्य वृद्ध प्राप्तिकराचे विवरणपत्र भरतच नाहीत, तिथे उत्पन्नाची अट घालणे म्हणजे दाखल्यांसाठी हेलपाटे आणि हेलपाटे टाळण्यासाठी चिरीमिरी यांना आमंत्रण देणे. ही अडचण खरी आहे, आणि कर पुढे ढकलण्याच्या योजनेकडे वळण्याचे तेच माझे पहिले कारण आहे.

या योजनेची कल्पना साधी आहे. पात्र वृद्ध मालकाने अर्ज केला की त्याचा कर राज्य सरकार स्थानिक संस्थेला भरते, तेवढ्या रकमेचा बोजा घराच्या नोंदीवर चढतो, आणि घर विकले गेल्यावर किंवा मालकाच्या व त्याच्या जोडीदाराच्या मृत्यूनंतर ती रक्कम व्याजासह वसूल होते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात ही सोय १९६३पासून आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ती ५५ वर्षांवरील घरमालकांना मिळते. आयर्लंडने २०१३मध्ये घरांवर नव्याने कर लावला तेव्हा त्याच कायद्यात कर पुढे ढकलण्याची तरतूद केली, आणि ती करताना वयाकडे न पाहता उत्पन्नाकडे पाहिले. २०२२ ते २०२५ या काळात एकट्या व्यक्तीसाठी वार्षिक १८,००० युरो आणि जोडप्यासाठी ३०,००० युरो ही मर्यादा होती, आणि २०२२पासून व्याज चार टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणले. त्याहून काहीसे अधिक उत्पन्न असणाऱ्यांना निम्मा कर पुढे ढकलता येतो, हा बारकावाही लक्षात घेण्याजोगा आहे, कारण मर्यादेच्या एका युरोने पलीकडे गेल्यामुळे सगळेच हातचे जाण्याचा प्रकार त्याने टळतो.

पुढे ढकललेला कर परत करायचा असतो, म्हणून ज्याला रोकडीची चणचण नाही तो सहसा या वाटेला जात नाही. अर्जदाराचे उत्पन्न तपासण्याचे बरेचसे काम अशा रीतीने आपोआपच होते. मात्र यासाठी व्याजाचा दर विचारपूर्वक ठरवायला हवा. ब्रिटिश कोलंबियात उत्पन्नाची अट नव्हती आणि दीर्घकाळ व्याज बँकांच्या दरापेक्षा पुष्कळ कमी, तेही सरळव्याज, असे होते. अशा वेळी सधन माणसालाही कर न भरता तो पैसा दुसरीकडे गुंतवणे फायद्याचे ठरते, आणि गरजूंसाठी काढलेली योजना स्वस्त कर्जाची खिडकी होऊन बसते. सरकारला स्वतःला ज्या दराने कर्ज मिळते त्याच्या आसपासचा दर ठेवला तर सरकारचे नुकसान होत नाही, वृद्धाला बाजारातल्या कोणत्याही कर्जापेक्षा तो स्वस्त पडतो, आणि धनिकाला त्यात नफा दिसत नाही.

म्हातारपणी डोक्यावर कर्ज नको, हा यावरचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे, आणि आकडेवारी पुढे करून त्याची थट्टा करू नये. सबंध आयुष्य कर्ज फेडण्यात घालवलेल्या माणसाला स्वतःच्या घरावर पुन्हा बोजा चढलेला पाहून झोप लागत नसेल, तर ती भावना खरी आहे. भारतात २००७पासून वृद्धांना घर तारण ठेवून दरमहा पैसे घेण्याची, म्हणजे रिव्हर्स मॉर्गेजची सोय आहे. ती फारशी रुजली नाही, त्यामागे हीच भावना मोठ्या प्रमाणात असावी असे मला वाटते. तरीही हिशेब मांडून पाहणे आवश्यक आहे, कारण भीती बऱ्याचदा रकमेच्या कल्पनेपेक्षा मोठी असते. कर घराच्या किमतीच्या एक टक्का आहे, म्हणजे चांगलाच जड आहे, असे समजू. तो सलग वीस वर्षे एकही पैसा न भरता तीन टक्के चक्रवाढ व्याजाने पुढे ढकलला आणि त्या काळात घराची किंमत मुळीच वाढली नाही, तरी शेवटी देणे घराच्या किमतीच्या २७ टक्क्यांच्या आसपास होते. किंमतही वर्षाला तीन टक्क्यांनी वाढली आणि कर तिच्या प्रमाणात वाढत गेला, तर देणे त्या वेळच्या किमतीच्या सुमारे एक पंचमांश राहते. दोन्ही बाबतींत घराचा जवळपास तीन चतुर्थांश किंवा त्याहून मोठा वाटा शिल्लक उरतो. शिवाय ही सोय म्हणजे हक्क आहे, सक्ती नव्हे. ज्याला बोजा नको त्याने कर भरावा, ज्याला तीनच वर्षांपुरती नड आहे त्याने तीन वर्षांपुरता पुढे ढकलावा.

यापुढचा आक्षेप उघडपणे घेतला जात नाही, पण माझ्या मते विरोधाचे मूळ तिथेच असते. कर माफ झाला तर त्याचा अंतिम लाभ कोणाला होतो? वृद्धाला जगण्यापुरता दिलासा दोन्ही योजनांत सारखाच मिळतो, कारण दोन्हींत त्याच्या खिशातून त्या वर्षी काही जात नाही. फरक पडतो तो त्याच्या पश्चात. माफ झालेल्या कराची रक्कम घराच्या किमतीत शिल्लक राहते आणि ते घर ज्याच्याकडे जाते त्याच्याकडे जाते. म्हणजे माफीचा खरा धनी वारस असतो, आणि तो वारस बहुधा ऐन कमाईच्या वयातला, अनेकदा वेगळ्या घरात सुस्थितीत राहणारा असतो. त्याला वडिलांच्या घराची पूर्ण किंमत मिळावी म्हणून शेजारच्या भाडेकरूने आपल्या भाड्यातून जास्त कर सोसावा, याचे समर्थन कोणत्या न्यायाने करायचे ते मला सुचत नाही. वृद्धांच्या कळवळ्याने चाललेल्या चर्चेत वारसांचा हिशेब असा गुपचूप मिसळलेला असतो. ज्या मुलांना घर बोजाविना हवे आहे त्यांच्यासाठी सरळ मार्ग आहे: आईवडिलांचा कर त्यांनी भरावा.

इथे काही संरक्षणे मात्र कायद्यातच हवीत. मालकाच्या मृत्यूनंतर हयात जोडीदाराला, आणि त्याच घरात राहणाऱ्या व त्याच्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्याला, बोजा तसाच ठेवून राहता आले पाहिजे; अन्यथा दुःखाच्या पहिल्याच महिन्यात वसुलीची नोटीस दारात येईल. पुढे ढकलण्याची एकूण रक्कम घराच्या किमतीच्या ठरावीक हिश्श्यापलीकडे जाऊ नये. आणि सरकारने या कामासाठी लागणाऱ्या निधीची तजवीज मंदीचा विचार करून करावी. ओरेगॉनमध्ये घरबाजार कोसळला तेव्हा घरे विकली जाईनात, त्यामुळे जुन्या रकमांची वसुली मंदावली. नेमके त्याच काळात नवे अर्ज वाढले, आणि निधी अपुरा पडला. २०११मध्ये विधिमंडळाने अटी कडक केल्या, घरात किमान पाच वर्षे वास्तव्य असल्याची अट आली, घराच्या किमतीची मर्यादा आली, आणि आधीपासून योजनेत असलेले अनेक वृद्ध अचानक बाहेर पडले. भर संकटात आधार काढून घेणारी योजना नसलेली बरी, इतके ते वाईट होते.

कर पुढे ढकलणे हा सगळ्यांसाठीचा उपाय नाही, हेही मान्य करायला हवे. जिथे घर आजोबांच्या नावावर आहे, हिस्सेदार दहा ठिकाणी विखुरलेले आहेत आणि नोंदी अद्ययावत नाहीत, तिथे बोजा कोणाच्या सहीने आणि कोणत्या नावावर चढवणार? जिथे घराची किंमतच नगण्य आहे, तिथे बोजा चढवून सरकारला काही मिळण्याची शक्यता नाही. आणि भाडेकरू वृद्धाजवळ तर बोजा चढवायला घरच नाही, जरी घरमालकाचा कर भाड्याच्या रूपाने त्याच्यापर्यंत पोहोचत असला तरी. यांच्यासाठी उत्पन्नावर बेतलेला परतावा हा पर्याय आहे. कर उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या वर गेला की वरच्या भागाचा काही हिस्सा राज्याने परत करायचा, अशी ही पद्धत. वीजजोडणीतल्या सुरक्षायंत्रावरून तिला अमेरिकेत ‘सर्किट ब्रेकर’ म्हणतात. विस्कॉन्सिन राज्याने १९६४मध्ये ती प्रथम आणली तेव्हा ती वृद्धांपुरती होती. पुढे ती इतर वयोगटांना खुली झाली, आणि भाडेकरूंसाठी भाड्याचा २० ते २५ टक्के भाग हा मालमत्ता कर मानला जाऊ लागला. पण याच राज्याने या योजनेची उत्पन्नमर्यादा २०१०च्या दशकात वर्षानुवर्षे २४,६८० डॉलरवर तशीच ठेवली. महागाई वाढत राहिली, मर्यादा जागची हलली नाही, आणि कोणताही कायदा रद्द न करता योजना हळूहळू आक्रसत गेली. मर्यादा महागाई निर्देशांकाला जोडलेली नसेल तर कायद्यातली तरतूद चांगली की वाईट याला फारसे महत्त्व राहत नाही.

सवलतीचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर मला निःसंदिग्ध वाटते: राज्याने, स्थानिक संस्थेने नव्हे. ज्या गावांतून तरुण निघून गेले आहेत तिथे वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असते आणि करवसुलीचा पाया आधीच खचलेला असतो. सवलतीचा भार त्याच गावाच्या तिजोरीवर टाकला, तर उरलेल्या थोड्या कमावत्या कुटुंबांवर दर वाढतो आणि तीही निघून जातात. सवलतीची घोषणा वरच्या सरकारने करायची आणि खड्डा नगरपालिकेने भरायचा, ही रीत जिथे आहे तिथे ती थांबली पाहिजे. आयर्लंडने १९७८मध्ये घरांवरचा स्थानिक कर पूर्णच रद्द केला होता. तो निर्णय अर्थातच लोकप्रिय ठरला, स्थानिक संस्था केंद्राच्या अनुदानावर अवलंबून राहिल्या, आणि पस्तीस वर्षांनी, दिवाळखोरीच्या कडेवरून परतल्यावर, त्याच देशाला तो कर पुन्हा आणावा लागला.

राहिला प्रश्न अंमलबजावणीचा, आणि वृद्धांच्या बाबतीत तो मूळ धोरणाइतकाच निर्णायक आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात गरीब घरमालकांना करमाफी मिळण्याची तरतूद कायद्यात होती. तरीही अर्जाची प्रक्रिया इतकी जाचक होती की माफीस पात्र असलेल्या अनेकांची घरे थकबाकीपोटी गेली. यावरून २०१६मध्ये खटला भरला गेला आणि २०१८च्या तडजोडीत प्रक्रिया सोपी करण्याचे शहराला मान्य करावे लागले. दुसरे प्रकरण मिनेसोटा राज्यातले. तिथल्या एका वृद्धेची सदनिका करथकबाकीपोटी गेली. मूळ कर होता सुमारे २,३०० डॉलर. व्याज आणि शास्ती मिळून त्यावर सुमारे १३,००० डॉलर चढले. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, सदनिका ४०,००० डॉलरला विकली आणि देणे वजा जाता उरलेले २५,००० डॉलरही स्वतःजवळ ठेवले. मे २०२३मध्ये, ती ९४ वर्षांची असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘टायलर विरुद्ध हेनेपिन काउंटी’ या खटल्यात एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला. अतिरिक्त रक्कम ठेवून घेण्याचा मुद्दा त्याने निकालात निघाला, पण मूळ कराच्या पाचपटीहून अधिक शास्ती साचेपर्यंत कोणी काहीच कसे केले नाही, हा प्रश्न उरतो. दोन हजार डॉलरचे देणे वेळीच बोजा म्हणून नोंदवले असते तर त्या घराच्या किमतीपुढे ते किरकोळ होते.

म्हणून कर पुढे ढकलण्याचा पर्याय वेगळ्या कार्यालयात, वेगळ्या अर्जावर आणि वेगळ्या मुदतीत ठेवू नये. तो कराच्या बिलावरच छापलेला असावा, मोठ्या अक्षरांत, आणि ठरावीक वयावरील मालकाने त्यावर सही करून बिल परत पाठवले की अर्ज पूर्ण मानला जावा. एकदा मंजूर झालेला अर्ज दरवर्षी नव्याने मागू नये. वयाचा उपयोग करायचाच असेल तर तो इथे करावा: अमुक वयावरील मालकाची थकबाकी एक वर्ष राहिली, की शास्ती लावण्याआधी कर्मचाऱ्याने घरी जाऊन हा पर्याय समजावून सांगितल्याची नोंद बंधनकारक असावी, आणि तशी नोंद नसल्यास पुढची शास्ती व जप्तीची कारवाई आपोआप अवैध ठरावी.